‘सीडी तर चांगली आहे’ : महाराष्ट्रातल्या ग्राहक संघटनांच्या कार्यकर्त्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

थेट मुद्द्यावर येते. मोबाइलची स्क्रीन गेली, फ्रिजचा कॉम्प्रेसर बसला, ऑनलाइन मागवलेल्या साडीऐवजी भलतंच काही आलं, तर तुम्ही मंडळी फॉर्म पुढे सरकवता, बिल मागता, नोटीस कशी लिहायची ते सांगता. गेमची तक्रार आली की मात्र तुमच्या चेहऱ्यावर हसू येतं. कधी ते कौतुकाचं असतं, कधी ‘या पोरांना दुसरा उद्योग नाही’ असं. हे पत्र त्या हसण्याबद्दल आहे.

मी परकी नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत ती रुजली, त्या चळवळीच्या एका संघात माझ्या आईची अर्धी हयात गेली. महिन्याचं वाटप आमच्या हॉलमध्ये व्हायचं. तूरडाळ, साबण, चहा यांचे ढीग, याद्यांवर टिकमार्क आणि ‘पावकिलो कमी भरतंय का बघ गं’ अशी हाक. काटा कसा बघावा, छापील किमतीवर पैसे मागितले तर काय बोलावं, हे मी तिथे शिकले. आता सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी करते आणि रात्री गेम खेळते. चाळिशी उलटली तरी खेळते, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाबरोबर मी एका तक्रार मार्गदर्शन केंद्रावर गेले होते. नाव सांगत नाही, कारण तिथल्या काकांचा हेतू चांगलाच होता. मुलानं इंटर्नशिपच्या पहिल्या पैशातून दुकानातून गेमची डिस्क घेतली होती. पक्कं बिल, सीलबंद खोकं. काही महिन्यांत कंपनीनं त्या गेमचे सर्व्हर बंद केले. गेम एकट्यानं खेळायचा असला तरी आधी कंपनीच्या सर्व्हरवर लॉग-इन लागायचं, त्यामुळे सगळंच ठप्प. काकांनी त्याचं नीट ऐकून घेतलं. मग डिस्क हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, ट्यूबलाइटखाली ती तिरकी धरून ओरखडे शोधले आणि म्हणाले, ‘सीडी तर चांगली आहे.’ नंतर दुकानदाराची बाजू आली, मग ‘कंपनी कुठली, फ्रान्सची? मग अवघड आहे’, आणि शेवटी अभ्यासाकडे लक्ष देण्याचा सल्ला. आम्ही चहा घेऊन परत आलो.

काकांचं चुकलं कुठे, तर त्यांनी दोष वस्तूत शोधला. तुमचं-आमचं सगळं ग्राहकशास्त्र विक्रीच्या क्षणाभोवती उभं आहे. वजन बरोबर आहे का, भेसळ आहे का, मुदत उलटलेली आहे का, हमीपत्रावर शिक्का आहे का? माल दुकानाच्या पायरीवरून खाली उतरला की दुकानदाराचा त्याच्याशी संबंध संपला, असं हे शास्त्र धरून चालतं. आज विकल्या जाणाऱ्या निम्म्या वस्तूंना ते लागू होत नाही. माल तुमच्या घरात असतो आणि विकणाऱ्याचा हात त्या मालाच्या आत राहिलेला असतो. त्याच्या मनात आलं की तो त्यात भर घालतो, मनात आलं की काही काढून घेतो. हे आधी गेम खेळणाऱ्यांच्या वाट्याला आलं, म्हणून आधी आम्ही ओरडलो. इतकाच आमचा गुन्हा.

सोनीचा प्लेस्टेशन ३ हा टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल बाजारात आला तेव्हा त्यावर लिनक्ससारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येते, हे त्याचं एक वैशिष्ट्य म्हणून सांगितलं जायचं. १ एप्रिल २०१० ला आलेल्या अपडेटनं ती सोय काढून टाकली. अपडेट न घ्यावा, तर ऑनलाइन खेळणं बंद. घ्यावा, तर पैसे मोजून घेतलेली सोय गेली. अमेरिकेत त्यावरून खटला झाला आणि वर्षानुवर्षं रेंगाळून तडजोडीत मिटला. त्या वेळी बहुतेकांनी ‘गेमवाल्यांची कुरकुर’ म्हणून तिकडे पाहिलंही नाही. पुढे २०१७ च्या डिसेंबरात अ‍ॅपलनं कबूल केलं की जुनी बॅटरी असलेल्या आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला जात होता. आता कुरकुर करणाऱ्यांत डॉक्टर आणि वकीलही होते. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं २०१८ मध्ये याच प्रकारच्या अपडेटबद्दल अ‍ॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला. दोन्ही प्रकरणांचा सांगाडा एकच आहे.

आणि मग ‘द क्रू’. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ च्या डिसेंबरात आला. अख्ख्या अमेरिकेचा छोटा नकाशा, त्यात मोकाट गाडी हाणायची. एकट्यानं खेळलात तरी सर्व्हर हवाच. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीनं विक्री थांबवली, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि त्यानंतर लोकांच्या खात्यांमधून गेमचा परवानाच काढून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे उद्या एखाद्या हुशार माणसानं स्वतःचा सर्व्हर उभारला, तरी तुमच्याकडे गेमच नाही. कॅलिफोर्नियात दावा दाखल झाला. कंपनीचं म्हणणं असं की ग्राहकांनी मालकी घेतलीच नव्हती, मर्यादित परवाना घेतला होता, आणि ऑनलाइन सोयी नोटीस देऊन बंद होऊ शकतात हे खोक्यावर छापलेलं होतं. तक्रारदारांनी खोक्याचीच दुसरी बाजू पुढे केली : आतल्या अ‍ॅक्टिव्हेशन कोडची मुदत २०९९ पर्यंत दिली होती!

यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरनं ‘स्टॉप किलिंग गेम्स’ नावाची मोहीम उभारली. युरोपीय संघात नागरिकांना थेट आयोगापुढे विषय नेण्याची सोय आहे, त्यासाठी १० लाख सह्या लागतात. जुलै २०२५ मध्ये तो आकडा पार झाला. मागणी साधी आहे : सर्व्हर कायम चालवा असं कुणी म्हणत नाही, बंद करताना गेम खेळण्याजोग्या अवस्थेत सोडून जा. कंपन्यांच्या संघटनेनं उत्तर दिलं की प्रत्येक गेमला हे जमणार नाही, खासगी सर्व्हरवर काही बेकायदा घडलं तर जबाबदारी कुणाची, खर्च किती वाढेल वगैरे. यातला खर्चाचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. जुना गेम ऑफलाइन करायचा म्हणजे कितीदा तरी त्याच्या पायालाच हात घालावा लागतो, हे मी रोजच्या कामात बघते. पण बांधायला घेतानाच शेवटाचा विचार केला, तर हा खर्च फारसा उरत नाही. आणि बोंबाबोंब झाल्यावर याच युबिसॉफ्टनं मालिकेतल्या पुढच्या गेमना ऑफलाइन सोय देण्याचं जाहीर केलं. म्हणजे अशक्य तर नव्हतंच.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न : ‘पण अटी मान्य केल्या होत्या ना?’

केल्या होत्या. तुम्ही बँकेच्या कर्जाच्या कागदावर केल्या, बिल्डरच्या करारनाम्यावर केल्या आणि तिथे तुम्हीच आम्हाला शिकवलंत की एकतर्फी अटीवर सही झाली म्हणून ती अट न्याय्य ठरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही व्याख्याच त्यासाठी आली. वाजवी कारणाशिवाय एका बाजूला करार संपवून टाकता येईल, अशी अट त्या व्याख्येत नावानिशी आहे. गोम पुढे आहे. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य किंवा राष्ट्रीय आयोगापुढे न्यावी लागते. तीन हजारांच्या गेमसाठी गडचिरोलीचा किंवा सावंतवाडीचा मुलगा राज्य आयोगाच्या पायऱ्या चढेल का? तो चढणार नाही हे कंपनीलाही माहीत आहे. नोंदणीकृत ग्राहक संघटनेला मात्र कायद्यानं स्वतः तक्रारदार होता येतं. तो अधिकार आमच्याकडे नाही, तुमच्याकडे आहे.

‘डिजिटल गोष्टींना आपला कायदा कुठे लागतो’ ही दुसरी समजूत. त्याच कायद्यातली ई-कॉमर्सची व्याख्या उघडून बघा, ‘डिजिटल उत्पादनांसह’ असे शब्द तिथे आहेत. २०२० चे ई-कॉमर्स नियम तर भारतात स्थापन न झालेल्या, पण इथल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल किंवा सेवा देणाऱ्या कंपन्यांनाही धरतात. तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, हेही त्यातच आहे. ‘कंपनी फ्रान्सची, मग अवघड आहे’ हे म्हणण्याआधी ऑस्ट्रेलियाकडे पाहा. तिथल्या ग्राहक आयोगानं २०१४ मध्ये स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या अमेरिकी व्हॉल्व्ह कंपनीला न्यायालयात खेचलं. आम्ही तुमच्या देशात व्यवसायच करत नाही, असा कंपनीचा बचाव होता. २०१६ मध्ये न्यायालयानं तो फेटाळला आणि ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. सदोष माल परत न घेण्याची अट तिथल्या ग्राहकांना लागू नाही, असा त्या निकालाचा अर्थ. खटला चालू असतानाच, २०१५ मध्ये, स्टीमनं जगभर परताव्याची सोय सुरू केली : खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत. पुण्यातल्या मुलालाही ती आज मिळते.

कॅलिफोर्नियानं आणखी एक पाऊल टाकलं. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल मालाच्या बटणावर नुसतं ‘खरेदी करा’ लिहून चालत नाही. मिळतो तो परवाना आहे, हे ग्राहकाला ठळकपणे सांगावं लागतं. जो माल कायमचा उतरवून ठेवता येतो, ऑफलाइन चालतो, त्याला यातून सूट. माझ्या मते हा कायदा अर्धाच आहे. ‘तुम्हाला लुटणार आहोत’ असं पाटीवर लिहिल्यानं लूट थांबत नाही. तरीही पाटी हवी, कारण पाटीनंतरच माणूस विचारतो, ‘मग किंमत पूर्ण का घेता?’

इतकं लिहिल्यावर आमच्या घरातली घाणही दाखवायला हवी. गेमर ही जमात तक्रार करताना ताळतंत्र सोडते, हे खरं आहे. ‘मास इफेक्ट ३’ या गेमचा शेवट आवडला नाही म्हणून २०१२ मध्ये एका खेळाडूनं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे रीतसर तक्रार केली होती. तिसरा अंक पटला नाही म्हणून नाट्यगृहाच्या खिडकीवर तिकिटाचे पैसे मागावेत, तसं झालं हे. ‘सायबरपंक २०७७’ची तारीख पुढे ढकलली तेव्हा तो बनवणाऱ्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. दोन तासांत संपणारा छोटा गेम पूर्ण खेळून वर परतावा घेणारे महाभाग आहेत. त्यात मोठ्या कंपनीचं काही बिघडत नाही, मरतो तो दोन-चार जणांचा स्टुडिओ. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम जगभरच्या बाजारात नेला. अशा लहान चमूंना आणि हजार माणसं पदरी बाळगणाऱ्या कंपनीला एकाच काठीनं हाणू नका, हे मीच तुम्हाला सांगेन.

पण म्हणूनच तर कुणीतरी चाळण लावणारं हवं आहे. ‘कथा भिकार आहे’ ही तक्रार नव्हे, ते मत झालं. ‘जाहिरातीत दाखवलेलं मालात नाही’ ही तक्रार आहे. ‘नवा पॅच (म्हणजे दुरुस्तीचा अपडेट) आल्यापासून मी हरतो’ हे रडगाणं झालं. ‘विकताना जी सोय होती ती अपडेटनं काढून घेतली’ ही तक्रार आहे. हा फरक रागावलेल्या जमावाला करता येत नाही. टेबलाच्या त्या बाजूला वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला येतो.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. सॉफ्टवेअर बाहेर पडतं त्या दिवशी आमच्याकडे ‘नोन इश्यूज’ची यादी तयार असते. म्हणजे हे हे दोष आहेत, आम्हाला माहीत आहेत, तरी माल जातो आहे. त्यात गैर काही असतंच असं नाही. बटणाचा रंग चुकला म्हणून कुणी रिलीज अडवत नाही. पण कधी कधी त्या यादीत असं काही असतं की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यावा, आणि मीटिंगमध्ये ठरतं, ‘तारीख पाळू, पॅच नंतर देऊ’. ‘सायबरपंक’ १० डिसेंबर २०२० ला आला तेव्हा प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर तो धड चालत नव्हता, आणि समीक्षकांना आधी दिलेल्या प्रती कॉम्प्युटरवरच्या होत्या. आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून काढला, पैसे परत देऊ केले, आणि पुन्हा ठेवला तो जून २०२१ मध्ये. नंतर गेम खूप सुधारला, आज लोक त्याचं कौतुक करतात. मी ते कौतुक मानते, पण पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्याचा हिशेब त्यानं मिटत नाही.

मनात आणलं तर कंपन्यांना नीट वागता येतं, याचाही पुरावा आहे. सोनीचाच ‘कॉनकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला, कुणी खेळेना, म्हणून ६ सप्टेंबरला बंद केला. सगळ्यांना पूर्ण पैसे परत, वादच नाही. आणि त्याच कंपनीनं काही महिने आधी ‘हेलडायव्हर्स २’च्या कॉम्प्युटरवरच्या ग्राहकांना प्लेस्टेशनचं खातं जोडायची सक्ती केली होती. अनेक देशांत तसं खातं उघडताच येत नव्हतं, तरी तिथे गेम विकून झाला होता! लोकांनी स्टीमवर दोन लाखांहून जास्त नकारात्मक अभिप्राय ओतले, दोन-तीन दिवसांत कंपनीनं माघार घेतली. आरडाओरड फळाला आली, छान झालं. पण आरडाओरड करायला लाखो माणसं लागतात. ज्या गेमचे खेळाडू पाच हजारच आहेत, त्यांनी काय करायचं?

तिथे संघटना लागते. निन्टेन्डोच्या स्विच या हातात धरायच्या कन्सोलचे जॉय-कॉन आठवा, म्हणजे दोन बाजूंना लागणारी ती छोटी कंट्रोलर्स. त्यांवरच्या दिशा देणाऱ्या काठीला हात न लावता पडद्यावरचा माणूस आपोआप एका दिशेला सरकत राहायचा. एकेकट्या ग्राहकाला ‘दुरुस्तीचे पैसे भरा’ हेच उत्तर मिळायचं. मग युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आपापल्या देशात तक्रारी गोळा केल्या, त्यांच्या महासंघानं, बीयूकनं, जवळपास २५,००० तक्रारींच्या आधारावर जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय आयोगाकडे धाव घेतली, आणि २०२३ मध्ये निन्टेन्डोनं तिथे हमीची मुदत संपल्यावरही फुकट दुरुस्ती मान्य केली. त्या संघटना तुमच्यासारख्याच आहेत. त्या दूध, वीज आणि विम्याच्याही तक्रारी घेतात. खेळण्याची तक्रार आली म्हणून त्या हसल्या नाहीत.

आणि ‘आमच्या घरात कुणी गेम खेळत नाही’ असं म्हणणाऱ्या आजी-आजोबांनी नातवाच्या हातातला फोन पाहावा. ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सनं डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी सरकारशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली, त्यातले २४.५ कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी होते. आरोप काय होते? बटणांची मांडणी अशी की गेम झोपेतून जागा होताना किंवा लोड होत असताना एक बटण चुकून दाबलं गेलं तरी खरेदी व्हायची, आणि कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली की कंपनी ग्राहकाचं खातंच बंद करायची. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ‘डार्क पॅटर्न्स’ची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनवरच्या मांडणीची, मार्गदर्शक तत्त्वं काढली, १३ प्रकार नावं घेऊन सांगितले. त्यांतले निम्मे कुठल्याही फुकट गेममध्ये पंधरा मिनिटांत सापडतील. पण आपल्याकडे गेम म्हटलं की सरकारला रमी आणि सट्टा दिसतो. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैशाच्या खेळांवर बंदी घालतो, ते ठीकच झालं. स्वतःच्या कष्टाच्या पैशानं गेम विकत घेणाऱ्याच्या हक्कांचा प्रश्न मात्र त्यानं सुटत नाही.

मला तुमच्याकडून मोर्चा नको आहे. मार्गदर्शन केंद्रावर बसणाऱ्यांना एक दुपार द्या, मी आणि माझ्यासारखे दोघे-तिघे येतो. बिलाबरोबर आणखी काय मागायचं ते सांगतो : विकत घेतलं त्या दिवशीचा दुकानाच्या पानाचा स्क्रीनशॉट, ऑर्डरचा ईमेल, अपडेटच्या आधीचा आणि नंतरचा व्हर्जन नंबर, कंपनीच्या सपोर्टनं दिलेला तिकीट नंबर आणि त्यांचं ठोकळेबाज उत्तर तारखेसह. १९१५ या हेल्पलाइनवर फोन करताना यातलं काही हाताशी नसेल तर तक्रार तिथेच मरते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगात फी नाही, हे तुम्ही सगळ्यांना सांगता, ते या मुलांनाही सांगा.

दुसरं, बऱ्याच ग्राहकांचं एकदम नुकसान करणाऱ्या अनुचित प्रथेची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय प्राधिकरणाकडे करता येते. ‘खरेदी करा’ असं लिहून परवाना विकणं आणि बंद होण्याची तारीख न सांगता सर्व्हरवर अवलंबून असलेला माल पूर्ण किमतीला विकणं, या दोन गोष्टींवर संघटनेच्या नावानं एक तक्रार जाऊ द्या. कमीत कमी किती वर्षं चालेल ते खोक्यावर छापा, एवढी एकच मागणी असली तरी चालेल. बिस्किटाच्या पुड्यावर जी तारीख मिळवायला तुम्ही लोक भांडलात, तीच आहे ही.

मसुदा मी केला आहे, साडेतीन पानं, मराठीत आणि इंग्रजीत. त्यातली कलमं तुमच्यातल्या एखाद्या वकिलानं तपासून द्यावीत आणि खाली संघटनेचा शिक्का लागावा. येत्या २४ डिसेंबरच्या ग्राहक दिनाआधी बैठक ठेवलीत तर ‘द क्रू’चं खोकं, स्विचचे बिघडलेले जॉय-कॉन आणि त्या मुलाची डिस्क, सगळं घेऊन येते.

आपली,
एक वर्गणीदार सभासद आणि गेमर, ठाणे